फोनवर न विचारायचा प्रश्न

प्रिय धाकट्या,

खरं तर हे समोर बसून बोलायला हवं होतं. पण समोर बसलास की तू मला हसवतोस आणि माझा मुद्दा चहाबरोबर गार होतो. म्हणून लिहितेय, आणि पत्र आजच माणसाहाती पाठवतेय. तू प्रचारासाठी रजेवर गेल्यापासून इथं काय चाललंय ते आधी ऐक.

आपल्या रुग्णवाहिका केंद्रात आता जेवायची टेबलं दोन झालीत. एकावर या पक्षाचे, दुसऱ्यावर त्या पक्षाचे. मी डबा घेऊन गेले की दोन्हीकडे एकदम हवापाण्याच्या गप्पा सुरू होतात. एका पक्षाने नवी गाडी देऊ केली, दारावर फक्त साहेबांचा फोटो लावायचा. मी केंद्रप्रमुख म्हणून नाही म्हटलं, तर दुसऱ्यांनी भर सभेत माझं कौतुक केलं. लगेच मला वाटलं, यांना काय हवंय? हल्ली शिवी आली तरी धसका बसतो आणि टाळी आली तरी!

त्यात तू जाण्याआधीचं ते सुताराचं प्रकरण. भर दुपारी त्याच्या बायकोने फोन केला, यांचं तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही म्हणून. गाडी अंगणात उभी होती, तरी फार उशिरा पोचली. माणूस वाचला, पण उजवा हात गेला. सुताराचा उजवा हात, रे. फोनवर तू होतास. म्हणालास, तिची लाइनच लवकर लागत नव्हती. मी मान डोलावली. त्याच्या छपरावर कुणाचा झेंडा होता ते सगळ्यांना माहीत आहे आणि आपण मुद्दाम उशीर केला असं अर्धं शहर म्हणतंय.

मला ते पटेना. मोठ्या बाईंनी हे केंद्र काढलं तेव्हापासून फोनवर दोनच प्रश्न विचारायचे, कुठे आणि काय झालं. नाव विचारायचं ते इस्पितळात पोचल्यावर. नाव आधी कळलं की आपले पाय जड तरी होतात नाहीतर हलके तरी, असं बाई म्हणायच्या. तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. थोरल्या ड्रायव्हरच्या मफलरचा रंग मला खुपायला लागला. तो म्हणाला, "ताई, बायकोनं विणलाय, तिचा पक्ष तिलाच विचारा." नर्स कोपऱ्यात फोनवर कुजबुजायची, तिच्यावरही पाळत ठेवली. ती नवऱ्याशी भांडत होती! लाज वाटली, पण संशय काही जाईना.

परवा दुपारी तुझ्या जागेवर मीच फोन घ्यायला बसले. एका म्हातारीचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आमच्या घरावर कुणाचाच झेंडा नाही हो, देवाशपथ, गाडी पाठवा." गाडी पाठवली. आजी घरी परतल्यावर जाऊन भेटले, असं का म्हणालात विचारलं. म्हणाली, "तुमच्याकडं दुपारी तो गोड बोलणारा पोरगा असतो ना, तो आधी तेच विचारतो. मागच्या खेपेला मला विचारलं होतं."

दुपारी फोनवर दुसरं कुणीच नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं माझं. आज थोरल्या ड्रायव्हरला समोर बसवलं तेव्हा तो बोलला. त्या दुपारी गाडी राखून ठेव, आमच्या पक्षाच्या सभेत कुणाला चक्कर आली तर लागेल, असं तूच त्याला सांगितलं होतंस. सुताराचं त्याला बोललाच नाहीस. नंतर कळलं तरी तो गप्प बसला, कारण तू माझा भाऊ. आईमागे तुला मी वाढवलं, ही नोकरीही मीच दिली, आणि केंद्रातल्या एकेका माणसाकडे चोरासारखं बघत फिरले, तुला सोडून. मला फार राग आलाय आणि फार रडू येतंय. उद्या मी सगळ्यांना बोलावून हे सांगणार आहे, तुला कामावरून काढल्याचंही. एक पक्ष म्हणेल बहिणीने भावाला विकलं, दुसरा म्हणेल इतके दिवस झाकून ठेवलं. म्हणू देत. पण त्याआधी सकाळी मी सुताराच्या घरी जाणार आहे. त्याच्या बायकोला हे प्रचाराच्या भोंग्यावरून कळायला नको. आलास तर तुझं तू सांगशील. नाही आलास, तर तिच्यासमोर तुझं नाव मला घ्यावं लागेल.

काही झालं तरी तुझीच,
ताई