नळीखालची बाजू

२१ जुलै, सोमवार. जळगाव

लिहायला बसले, कारण सकाळी मी सुकलालला "खरं आहे" म्हणाले आणि दुपारी कळलं की ते खोटं आहे. तपासण्याआधी शब्द देण्याची चूक आजवर केली नव्हती.

सुकलाल शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला राहतो. तिथल्याच शाळेत मास्तर. टॉवेलात गुंडाळलेलं ठासणीचं पिस्तूल घेऊन आला. सत्तावन्नच्या बंडात त्याच्या वना नावाच्या पूर्वजाने गोऱ्या साहेबाच्या हातातून हिसकावलेलं. नऊ ऑगस्टला गावात बंडातल्या माणसांच्या नावांचा दगड बसणार आहे. त्यावर वनाचं नाव घ्यायचं की नाही, हा वाद. पुरावा एवढाच — हे पिस्तूल.

"लोक हसतात, अक्का. म्हणतात, दिवाळीच्या टिकल्या लाव अन् वाजवून दाखव!"

नाना — माझे वडील — धुळ्यात बंदुका दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली शिकले, म्हणून अजून कुणी कुणी जुनी हत्यारं दाखवायला माझ्याकडे येतं. मी वरवर पाहिलं. पितळ चकचकीत. घोड्याशेजारच्या पट्टीवरचा सिंह झिजून कुत्र्यासारखा झालेला. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासलं की झिजणारच! घाट बरोबर, लाकूड जुनं. बोलून गेले, "खरं आहे. कागद शुक्रवारी देते." तो वाकून पाया पडला. मी पडू दिलं.

दुपारी नळी लाकडातून सोडवली. नळीखालची बाजू कुणी घासत नाही. शिक्के, जुना गंज, सगळं तिथे शिल्लक राहतं. इथे काहीच नाही. गुळगुळीत. नळी नाहीच ती — जीपच्या स्टिअरिंगचा पाइप!

२२ जुलै

एक गोष्ट काल लिहायची टाळली. प्रत्येक स्क्रूच्या भोकाशेजारी बारीक ठिपके आहेत. एक, दोन, तीन. तेवढेच त्या त्या स्क्रूवर. स्क्रूंची अदलाबदल होऊ नये म्हणून. ही नानांची पद्धत. दुसऱ्या कुणा कारागिराच्या कामात मी पाहिली नाही. सुटीत दुकानात असले की ठिपके मारायचं काम माझ्याकडे असायचं. पावत्या लिहायचंही. नानांचं अक्षर वाईट.

ही नक्कल माझ्या वडिलांनी बनवली आहे.

२४ जुलै

सुकलालला फोन केला. हे कधी दुरुस्तीला दिलं होतं का?

"हो ना, अक्का. आजोबांनी. एकोणऐंशी साली, धुळ्याला. घोडा अडकायचा. दसरा झाल्यावर दिलं, दिवाळीला परत आणलं. का हो?"

"काही नाही. शुक्रवारी जमणार नाही."

काही नाही!

२७ जुलै, रविवार

नानांची ट्रंक उपसली. तळाशी कामाची वही. ऑक्टोबर १९७९. एका पानावर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेला ठसा. सिंह — खरा सिंह, पंजात मुकुट, खाली १८४६. शेजारी नळीखालचे दोन शिक्के, स्पष्ट. त्याखाली नानांच्या वेड्यावाकड्या अक्षरात, "मुंबईचे साहेब घेऊन गेले." बस.

म्हणजे वनाचं पिस्तूल खरं होतं. कंपनी सरकारच्या घोडदळाचं, शिक्क्यांसकट. आज लिलावात लाखांत गेलं असतं. माझ्यासमोर टेबलावर पडलं आहे त्याची किंमत, त्यातल्या जुन्या लाकडाची.

त्या वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. नानांनी वसतिगृहाची फी एकदम भरली होती. कुठून, ते मी विचारलं नव्हतं.

२८ जुलै

युवराजचा पाचोऱ्याहून फोन. धाकटा भाऊ, म्हणून सांगितलं. चूक केली.

"अक्का, नानांना जाऊन बावीस वर्षं झाली. लिहून दे 'खरं' आणि मोकळी हो! दगडावर एक नाव वाढलं तर कुणाचं काय जातं?"

म्हटलं, खोटा कागद मी देणार नाही.

"मग बापाला चोर म्हण! तू तेव्हा कॉलेजात पुस्तकं वाचत होतीस. दुकानातलं तुला काय माहीत?"

ते मात्र खरं. मला काही माहीत नव्हतं.

१ ऑगस्ट

निवेदन लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी साधं ठेवलं — हे पिस्तूल नक्कल आहे, मूळ पिस्तूल अस्सल होतं, ते १९७९ साली माझ्या वडिलांनी बदललं, सोबत ठसा. नानांचं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट. पेन कुठे अडलं नाही. त्याचंच वाईट वाटलं.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळच्या बसने शिरपूर, पुढे रिक्षा. सुकलालचे आजोबा, ठाकऱ्याबाबा, खाटेवर. चौऱ्याऐंशी वर्षांचे, नजर गेलेली. मी उभ्यानेच निवेदन वाचून दाखवलं. सुकलालची बायको रोहिणी पाणी घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"म्हणजे आम्ही पंचेचाळीस दसरे पाइपाची पूजा केली?" सुकलाल हसायला गेला. जमलं नाही.

बाबा म्हणाले, "माले ठाऊक व्हतं."

त्यांनी रिकामा तळहात वर-खाली केला, वजन पाहिल्यासारखा.

"दिवाळीले हातमा लिधं, तवयच. हलकं लागनं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. कुणावर चढला, देव जाणे.

"सांगसू कोनले, पोर? भिलना हातमा पिस्तूल. पोलिस माले धरतीन, तुना बापले नही."

मग आढ्याकडे बोट केलं. तिथे तेलकट कापडाची शिवलेली थैली टांगलेली. "खरं पिस्तूल दिधं, त्याना कागद शे. तुना बापनी दिधा. जपी ठेवेल शे. तुना कागदले जोड."

"बाबा, मला कधी दाखवला नाही!" सुकलाल.

"तू गावभर करता!"

रोहिणीने ब्लेडने थैली उसवली. कागद आधी माझ्या हातात दिला.

पुढचं आज लिहवत नाही.

४ ऑगस्ट

दुकानाची पावती. १२ ऑक्टोबर १९७९. "लोखंडी खेळणे, पिस्तुलाच्या आकाराचे, नग एक. किंमत नाही."

सुबक, गोल अक्षर. माझं.

खरं पिस्तूल समोर ठेवून लिहिलेलं. मुकुटवाला सिंह मला दिसलाच असणार. नाना सांगत गेले, मी लिहीत गेले — असं म्हणावंसं वाटतं. आठवत नाही.

सुकलालने माझ्या हातून कागद घेतला, वाचला, माझ्याकडे पाहिलं. बाबा विचारत राहिले, "काय लिखेल शे त्यामा? वनानं नाव शे का?" सुकलालने घडी घालून कागद माझ्याकडे परत दिला.

निवेदनाखाली दोन ओळी वाढवल्या. "सोबतची पावती खोटी आहे. ती मी लिहिली." सही केली.

सुकलालच्या हाती दिलं ते असं — पिस्तूल एक, नक्कल. ठशाचं पान एक. निवेदन, पानं दोन. पावती एक, खाली ठाकऱ्याबाबांचा तेव्हाचा अंगठा.