ईटचं दार राहिलं

मदिना शरीफ,
२४ जून १९५७

चि. जमिलास बशीरभाईचा सलाम आणि आशीर्वाद.

आम्ही इकडं सुखरूप पोचलो. बोटीत पोटात पाणी ठरलं नाही, जमिनीला पाय लागले तशी भूक लागली. उर्दूत लिहिणार होतो, पण तुझ्या ईट गावात तुला पत्र वाचून दाखवायला धोंडप्पा मास्तरच, म्हणून मराठीत लिहितो. मास्तरांना नमस्कार.

काल परंड्याच्या आम्हा अकरा जणांना मोटारीतून शहर दाखवलं. कुबाची मशीद, खजुरीच्या बागा, उहुदचा डोंगर. शेजारच्या खाजामियाँला जिथं तिथं परंड्याचा किल्ला आठवतो. "बुरूज आपलाच थोर," म्हणाला, तर त्याची शरिफाबी म्हणाली, "मग हितं कशाला आलाव? किल्ल्यातच बसायचं व्हतं की." सगळे हसले. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोटार थांबली की वाटे कधी निघते, आणि निघाली की वाटे उतरून पळावं.

उहुदपाशी शरिफाबीनं विचारलं, "जमिलानं माफी दिली का?"

"दिली. लई रडली," मी म्हणालो. अशा जागी उभा राहून खोटं बोललो.

हजला निघणारा घरोघर जाऊन कहासुना, म्हणजे चुकलंमाकलं, माफ करून घेतो, तुला ठाऊकच आहे. मी परंड्यात एक उंबरा सोडला नाही. ज्या लिंबाजीशी बांधावरून भांडलो, त्याच्याही पाया पडलो. ईटला तेवढा आलो नाही. कुर्डुवाडीची मोटार चुकेल, असं सगळ्यांना सांगितलं. मोटार दुसऱ्या दिवशीही होती.

दुपारी तुझ्यासाठी तसबीह, जपाची माळ, घ्यायला मागं राहिलो आणि गल्ल्यांत वाट चुकलो. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. एक दार वाजवलं. आतून म्हातारीनं काही विचारलं. मला भाषा कळेना, नाव सांगायचंही सुचेना. तिनं दार उघडलं. पाणी दिलं, आणि स्वतः बाजारापर्यंत सोडायला आली.

जमिला, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, आपल्या लोकांच्या घरांवर जमाव चालून येत होते तेव्हा, तू भर दुपारी पोराला कडेवर घेऊन माझं दार वाजवलंस. "भाईजान, म्या जमिला हाय, दार उघडा," तीनदा म्हणालीस. नऊ वर्षं मी सांगत आलो की तेव्हा शेतावर होतो. नव्हतो. कडीवर हात ठेवून आत उभा होतो. तुझ्यामागं कोण असेल, या भीतीनं हात हलला नाही. मग समोर लिंबाजीच्या आईनं, धुरपदाबाईनं, तुला आत घेतलेलं ऐकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

मास्तर, एवढं मनात वाचू नका. शेजारपाजारचे बसले असतील तरी मोठ्यानं वाचा.

हजला पंधरा दिवस उरलेत. पत्र तुझ्या हाती पडेल तोवर तो होऊन गेलेला असेल. तुझ्या माफीशिवायच मला तिथं उभं राहावं लागणार. गावात लोक हाजी म्हणतील, तू म्हणू नकोस. कुर्डुवाडीला उतरलो की घरी न जाता आधी ईटला येईन. दार वाजवीन, नाव सांगेन. तू उघडलंच पाहिजेस असं नाही.

आतून कडी न काढलेला,
तुझा भाऊ बशीर