साहेबांच्या तोंडचं वाक्य

सोमवार, ३ मार्च

आमच्या कंपनीचं विलीनीकरण नक्की. साहेबांनी स्वतः दुजोरा दिला — जिना उतरता उतरता, मोबाइल कानाला लावूनच. "हो, झालं. वर्तमानपत्रांना बातमी उद्या अकरापर्यंत द्या."

इतकी वर्षं त्या दुसऱ्या कंपनीशी नुसती भागीदारी होती. सर्व्हर आणि त्यावरची प्रणाली आमची. ग्राहकाच्या टेबलावरचं जेवणाच्या डब्याएवढं यंत्र त्यांचं. यंत्रात काहीच नसतं, सगळं काम आमच्या सर्व्हरवर चालतं. आता दोन्ही घरं एक. म्हणजे घर त्यांचं, आम्ही आत जाणारे.

धाकटी बहीण इथेच, सपोर्टच्या खोलीत फोन घेते. रात्री म्हणाली, "ताई, त्यांच्याकडेही सपोर्ट आहे. दोन-दोन कशाला पोसतील?"

"आधी जेव."

जेवली नाही. आजारपणानंतर वर्षभर घराबाहेर पडत नव्हती. या नोकरीने तिला उठवलं. ही गेली तर — नको. इथेच थांबते.

मंगळवार, ४ मार्च

बातमी साडेदहाला तयार. साहेबांचं एक वाक्य हवं होतं. ते नेहमी मीच लिहिते. सगळीकडे असंच चालतं. ते नजर टाकतात, 'ठीक' म्हणतात, छापून येतं. वर्तमानपत्रात होते तेव्हा अशी किती वाक्यं मीच छापली!

लिहिलं: "ग्राहकांचा विश्वास आमच्या सपोर्टने कमावला आहे. त्या खोलीतली एकही खुर्ची हलणार नाही."

असं ते कधी म्हणाले नव्हते. मी विचारलंही नाही. थोड्याच वेळात उत्तर — "ठीक." वाचलं असेल?

बुधवार, ५ मार्च

छापून आलं. सपोर्टच्या दारावर कात्रण चिकटलंय. धाकटी पोटभर जेवली. "ताई, साहेबांच्या तोंडात साखर पडो!"

मी पाणी प्यायले.

बुधवार, १२ मार्च

त्यांचे अधिकारी आले. सगळ्यांना सभागृहात बसवलं. एकाने पडद्यावर आकृती दाखवली — दोन चौकोनांचा एक चौकोन. सपोर्ट एकत्र करता येईल, म्हणाला.

धाकटी उठली! फोनशिवाय परक्याशी न बोलणारी. हातात दारावरचं कात्रण. "साहेब, हे तुम्हीच म्हणालात ना?"

साहेबांनी चष्मा लावला. दोन ओळींना फार वेळ घेतला. पहिल्यांदाच वाचत होते. मग सरळ माझ्याकडे पाहिलं.

"हो, मीच म्हणालो. आणि शब्द दिलाय, तर पाळायचा."

टाळ्या. मी मान वर केली नाही.

बाहेर पडताना चित्रकार — माझ्याच खोलीत बसून जाहिराती करतो — कानाशी म्हणाला, "झकास वाक्य हं! आपल्या खोलीसाठी एखादं लिहायचं होतंस की."

हसलो दोघं.

गुरुवार, १३ मार्च

साहेबांनी बोलावलं नाही. धाकटी खुर्चीसाठी नवी उशी घेऊन गेली.

सोमवार, १७ मार्च

बोलावलं. दार लावून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माणसं कमी करायचीच आहेत. सपोर्टला आता हात लावता येत नाही. मग उरलं कोण?"

प्रसिद्धीची खोली. चित्रकार आणि मी. वाक्यात आमच्या खोलीबद्दल काही नव्हतं.

"वाक्य चांगलं होतं," ते म्हणाले. "मला सुचायला हवं होतं."

चित्रकाराला अजून माहीत नाही. संध्याकाळी जिन्यात शीळ घालत उतरला. धाकटीला परवा कळेल, छापून आल्यावर.

बातमी उद्या अकरापर्यंत द्यायची आहे. या वेळी साहेबांचं वाक्य साहेब स्वतः सांगणार आहेत. मी फक्त उतरवून घ्यायचं.