लेकीची डिस्क

सोमवार, ४

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न, वसाहतीच्या वाचनालयाचा मानद चिटणीस. रागाच्या भरात लिहीत नाही, हे प्रथम नमूद करतो.

वाचनालयाच्या देवघेवीचा प्रोग्राम मी आणि कन्या मिळून लिहितो. फाइली परगावी, तिच्या डिस्कवर. ती डिस्क माझ्या संगणकावर माउंट होते, म्हणजे इंटरनेटवरून जोडली जाते. फोल्डर उघडला की घरचाच वाटतो. कन्येने कायमची नोकरी सोडली, तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. गिटमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, बदल नोंदवताना शेरा लिहावा लागतो, तेवढाच पत्रव्यवहार. माझा — "मुदतीची मोजणी दुरुस्त." तिचा — "शोध दुरुस्त. बाबा, खोकला कसा आहे?" शेऱ्याच्या जागी खोकला! शिस्त म्हणून नाही.

आज संगणक सुरू केला — फोल्डर रिकामा! गिट म्हणते, येथे रिपॉझिटरीच, म्हणजे नोंदींचे दप्तरच, नाही. दोन वर्षांचे काम पुसले! एका शब्दानेही न कळवता!

मंगळवार, ५

सौ. म्हणाली, "अहो, एक फोन करा की. विचारायला काय जातं?"

मी का करावा? ज्याने पुसले, त्याने खुलासा द्यावा.

बुधवार, ६

त्याच रिकाम्या फोल्डरात नवी रिपॉझिटरी मांडली. छापील कागदांवरून प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. मान आखडली. खोकला वाढला. विचारणारे कोणी नाही — गरजही नाही.

शुक्रवार, ८

निम्मे झाले. सौ. चहाचा कप आपटून गेली. "तुमच्या हट्टाला काही औषध आहे का?" तिला या प्रकरणात एवढा रस का, कळत नाही.

शनिवार, ९

कहर झाला! सकाळी जुना प्रोग्राम सगळाच्या सगळा जागेवर, शेऱ्यांसह — आणि माझे नवे काम गायब! आता मात्र फोन लावलाच. "माझे काम परत दे!"

"बाबा?" मग एका दमात: "पुसलं नाही हो कोणी! माझं मशीन बंद होतं, म्हणून डिस्क माउंट झाली नाही. दिसला तो तुमच्याच संगणकावरचा रिकामा फोल्डर. तुम्ही त्यात लिहिलंत, आता वरून माझी डिस्क आली, म्हणून ते खाली झाकलं गेलं. डिस्क काढली की दिसेल. किती वेळा सांगितलं, तुमची वेगळी प्रत तुमच्याकडे ठेवा म्हणून!"

"कधी सांगितलेस?"

"शेऱ्यात. खोकल्याच्या खालीच."

मशीन इतके दिवस बंद का, याचे उत्तर दिले नाही. "आईला विचारा," म्हणाली. आणि हसली!

पाऊण तास बोललो. काम अजून झाकलेलेच आहे.

रविवार, १०

सौ.चा खुलासा: "मीच सांगितलं तिला, मशीन बंद ठेव म्हणून. म्हटलं, दुपारपर्यंत फोन करतील. तुम्ही तर अख्खा प्रोग्राम पुन्हा लिहायला बसलात!"

या कटाचा तीव्र निषेध. कन्येच्या गावची तिकिटे काढली. दोन.