गाडी किंचाळत नाही, असा माझा निष्कर्ष

१० नोव्हेंबर, सकाळी ७.४०
महेश म्हणतो, बाबा, गाडी स्टार्ट करताना किंचाळते. आवाज बंद होईपर्यंत मैनाला बालवाडीत सोडायला तुम्ही जायचं नाही. हे कोण सांगतंय? ज्याला पाना धरायला मी शिकवलं ते चिरंजीव! आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटर घडवले. यंत्राला कुठे दुखतंय ते मी कानाने ओळखतो. नातीला मीच सोडणार. शुक्रवारपर्यंत आवाज बंद.

९.१५
चारदा स्टार्ट केली. आवाज नाही. जाणकार समोर आला की बिघाड लपतो. जुना अनुभव.

११ नोव्हेंबर
दोष फॅन बेल्टचा. थंडीत कडक होतो, घसरतो. कपड्याचा साबण चोळला. स्टार्ट केली. एकदम शांत! वरचे निवृत्तीराव गॅलरीत येऊन दोन्ही कानांवर हात ठेवून उभे. दुसऱ्याचं यश बघवत नाही माणसाला.

१२ नोव्हेंबर
डाळ करपली. सौ. भडकली, की सहा शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसलात! एकही झाली नाही. कुकरची शिट्टी बिघडली आहे. दाराची बेलही. या घरात मेंटेनन्स म्हणून नाहीच. नवी शिट्टी आणतो.
मैना हल्ली माझ्यासमोर नुसते ओठ हलवते. काय म्हणालीस विचारलं की रुसून निघून जाते. चार वर्षांची पोर, केवढा ताठा. वाईट वाटतं. बाकी कोणाशी असं करत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आवाज बंद झाल्याचं जाहीर केलं. महेश म्हणाला, मग गोटीरामला दाखवू. द्वारका चौकाजवळ गॅरेज आहे त्याचं. माझाच विद्यार्थी. म्हटलं चल, साक्षीदार हवाच.
गोटीराम बॉनेटमध्ये वाकला. मी स्टार्टर मारला. म्हणाला, सर, येतोय का आवाज? म्हटलं, अजिबात नाही, साबणाची कमाल बघ. टपरीवरची माणसं चहा सोडून आमच्याकडे बघत होती. त्याने तरी बेल्ट बदललाच. पुन्हा विचारलं, आता कसं? म्हटलं, अरे, होतं तसंच. शांत.
मग महेशला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही. ट्रॅफिक फार.

१८ नोव्हेंबर
कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मला. डॉक्टर कालचं पोर. म्हणे, बारीक, चिरके आवाज तुम्हाला येतच नाहीत. म्हटलं, मग नसतील.

२४ नोव्हेंबर
कानात मशीन. बेल वाजते. कुकर वाजतो. दोन नव्या शिट्ट्या पडून आहेत.
आज मैनाला सोडायला मीच गेलो. बसल्यापासून पोरीचं तोंड बंद नाही. रुसली नव्हतीच ती. म्हणाली, आबा, मी तुला किती हाका मारायचे. गाडी बाजूला घेतली, डोळे पुसले. विषय बदलावा म्हणून म्हटलं, बघ, गाडी आता ओरडत नाही. आबांनी दुरुस्त केली.
मैना म्हणाली, तू नाही, गोटीरामकाकांनी.
मशीन चांगलं आहे. स्पष्ट ऐकू आलं.