संदलाचे ताट आणि जामिनाची अट

माघ वद्य, सन १९४४

वडीलकीच्या नात्याने पूज्य असलेले मेव्हणे राधाकृष्णबापू यांच्या चरणी गहिनीनाथाचा दंडवत पोहोचावा. तिकडे अकोल्याच्या गारठ्यात तुमच्या गुडघ्याची ठणक कमी झाली की नाही, ते सविस्तर कळवावे. ('बरे आहे' एवढेच लिहू नये. कोणता गुडघा, चढताना की उतरताना, हे लिहावे, म्हणजे औषध सुचवता येईल.) तुमची बहीण मनकर्णा खुशाल आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. ज्वारी काढणीला आली आहे आणि कणसे अशी भरली आहेत की शेजाऱ्यांच्या पोटात दुखावे.

बापू, माझ्यावर झालेल्या खटल्याबद्दल तुमच्या कानावर उलटसुलट आले असेल, म्हणून खरी हकीकत लिहितो. दिवाळीनंतरच्या कुस्त्यांत मी पंच होतो. आमच्या पिराच्या दर्ग्याचे मुजावर फकरुद्दीन, म्हणजे माझा लहानपणापासूनचा फकरुभाई, यांचा पुतण्या दिलावर लढत होता. मी कुस्ती बरोबरीत सोडवली. फकरुभाई भर फडात म्हणाले, पंचाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. मी हातातला बक्षिसाचा नारळ संतापाने खाली आपटला. खाली दगड होता. (नारळ मी त्यांच्यावर फेकला नाही, जमिनीवर फेकला. पुढचा प्रवास नारळाने स्वतः केला.) त्यात त्यांचा पुढचा एक दात पडला. त्यांनी रागाच्या भरात फिर्यादीवर अंगठा दिला, आणि चार दिवसांत राग गेला तरी कागद कोर्टात जायचा तो गेलाच. आमच्या गल्लीतले कारभारी जामीन राहिले आणि मी सुटलो. अट अशी पडली की, खटला संपेपर्यंत आरोपीने फिर्यादीच्या समोर जाऊ नये, त्याच्याशी बोलू नये व त्याला धाक घालू नये. मोडल्यास जामीन रद्द आणि आरोपी आत. मी शाळेत तिसरीपर्यंतच गेलो, हे तुम्ही लग्नाच्या बैठकीत सर्वांना ऐकवले होते. परंतु फौजदारी कायद्याचे मराठी पुस्तक मी कोणाच्या मदतीशिवाय दोनदा वाचले आहे, तेव्हा अटीचा अर्थ मला कोणी समजावण्याची गरज नव्हती.

अडचण उरुसाने केली. पिराच्या संदलाचे, म्हणजे उगाळलेल्या चंदनाचे, ताट आमच्या घरातून निघते, हा मान आमच्या पणजोबांपासूनचा. दर्ग्याच्या पायरीवर ते ताट आमच्या घरच्या कर्त्याने मुजावराच्या हाती द्यायचे, त्याशिवाय संदल चढत नाही. आता मुजावर कोण, तर फिर्यादी. कर्ता कोण, तर आरोपी. माझा चुलतभाऊ भिमाजी हा मान आपल्या घरी नेण्यासाठी टपलेलाच आहे. तो म्हणाला, "दादा, तुमी कशाला जोखीम घेता? ताट मी नेतो की." मी त्याला म्हटले, तुझ्या हातून पाण्याचा तांब्या सरळ जात नाही, तू चंदन काय नेणार! मग मी तोड काढली. अट 'समोर जाऊ नये' अशी आहे ना? मग मध्ये अंतरपाट धरावा. लग्नात नवरानवरी एकमेकांच्या समोर असून समोर नसतात, हे सर्व धर्मशास्त्राला मान्य आहे.

त्याप्रमाणे बन्सी न्हाव्याने आणि दिलावरने माझे उपरणे दोन टोकांनी धरले. अलीकडे मी ताट घेऊन, पलीकडे फकरुभाई हात पसरून. ढोल थांबला. तेवढ्यात बनुबाईने (तिला कुठे गप्प बसावे हे साठ वर्षांत कळले नाही) मंगलाष्टक सुरू केले. झाले! सवयीने लोकांनी ज्वारीच्या अक्षता टाकल्या. दिलावरला हसू आवरेना, त्याच्या हातातले टोक सुटले. पलीकडून फकरुभाई ओरडले, "गैनबा, ताट सरळ धर की लेका, चंदन समदं माझ्या बाहीवर सांडतंय!" मान पार पडला, संदल चढला आणि दुसऱ्या दिवशी भिमाजीने तालुक्याला जाऊन अर्ज दिला की आरोपीने फिर्यादीला गाठून 'उरलेले दातही पाडीन' अशी धमकी दिली.

नगरचा वकील केला होता. माणूस हुशार, पण मला एकच सल्ला दिला, की तुम्ही बोलू नका. त्यांनी बाजू चांगली मांडली, हे मान्य केले पाहिजे. अट फिर्यादीला त्रास होऊ नये म्हणून असते, इथे फिर्यादीची तक्रारच नाही, आरोपी गावच्या रिवाजाने उभा होता, आणि फकरुभाईंनीही शपथेवर सांगितले की धमकी न्हाई, काही न्हाई. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. एवढ्यात भिमाजी पुन्हा म्हणाला, "दात पाडीन म्हणालाच हुता साहेब, देवाशपथ!" हे मला सहन होईना. मी उठलो व म्हणालो, साफ खोटे. माझे शब्द असे होते: "फकरुभाई, हिरडी अजून सुजलीय का?" साहेब म्हणाले, म्हणजे तुम्ही बोललात? मी म्हणालो, बोललो, पण धमकी नाही, विचारपूस. साहेबांनी विचारले, हे सर्व उपरण्याआडून? आता अर्धवट साक्ष देणे माझ्या स्वभावात नाही. मी सांगितले, साहेब, उपरणे तोवर पडले होते, आणि हिरडी नीट दिसावी म्हणून मी त्यांच्या तोंडात बोट घालून पाहिले.

वकील खाली बसले. साहेबांनी माझे म्हणणे शब्दशः लिहून घेतले. भिमाजी मात्र खोटा ठरला, हे संपूर्ण कोर्टाने पाहिले.

लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

आपला
दाजी गहिनीनाथ

ता. क. पत्राच्या माथ्यावर मुक्काम लिहिला नाही, कारण मनकर्णाने तसे बजावले होते. पण लपवाछपवी मला जमत नाही. मुक्काम तालुक्याची कच्ची कोठडी. जागा कोरडी आहे. कारभाऱ्यांनी जामीन राहण्याचे पुन्हा नाव काढू नका असे सांगितले, म्हणून तुम्ही शेताचा उतारा घेऊन पहिल्या मोटारीने यावे. ज्वारी उभी आहे.

आणखी ता. क. फकरुभाई रोज भाकरी घेऊन येतात. (हाजराबी वहिनींच्या हाताला मीठ जरा जास्त आहे.) ते जामीन राहायला निघाले होते, पण फिर्यादीच आरोपीला जामीन, म्हणून कोर्टाचा शिरस्तेदार कागद हातात घेईना.

शेवटचे. काल ते गजाजवळ येऊन हळूच म्हणाले, "गैनबा, मी कोर्टात सांगतो, दात आधीच हलत हुता." मी त्यांना ठणकावले, की शपथेवर खोटे बोलायचे नाही, दात चांगला पक्का होता, आणि पुढच्या तारखेला मी स्वतः उठून तसे सांगणार आहे. हे ऐकून ते गजाला डोके लावून बसले. तेव्हा बापू, जामिनाची तयारी करून या, पण एक जाड घोंगडीही बरोबर आणा.