पंखा माशांकडे

४ एप्रिल

पोचले एकदाची. बॅगेचं चाक वाटेतच निखळलं, पण माणूस शाबूत आहे. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी लागली, तेव्हा आईनं पहिला फोन केला तो तिच्या चुलतभावाला, म्हणजे मामांना. एवढ्या मोठ्या घरात मी एकटा जीव, पोरीनं खोली कशाला शोधायची, असं ते म्हणाले. मामी जाऊन दोन उन्हाळे झाले. मामांचा जन्म गेला बर्फाच्या कारखान्यात, आणि राहतात अशा गावात जिथं डांबराला चप्पल चिकटते. यावर तेच आधी हसतात.

दिवाणखान्यात शिरल्यावर पहिली दिसते ती माशांची काचेची टाकी, जेवणाच्या टेबलाएवढी लांब. आत सोनेरी, पांढरे, ठिपक्यांचे गोल्डफिश. त्यातला सगळ्यात थोराड, डोक्यावर टोपीसारखा मांसल गोळा असलेला, तो ‘रावसाहेब’. मामांनी आमची रीतसर ओळख करून दिली. रावसाहेबांनी पाठ फिरवली.

माझी खोली वर आहे, हवेशीर. खाली दिवाणखान्यामागे अजून एक खोली आहे, ती बंद असते. सामान भरलंय म्हणे.

९ एप्रिल

दुकान सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी सगळं गाव दारं लावून पडून राहतं. मीही घरी येते, आणि मग माझी शाळा भरते. मास्तर अर्थात मामा. झाकण काढून टाकीवर जाळी टाकायची. पंख्याचा झोत पाण्यावरून तिरका जाऊ द्यायचा. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं निवतं. उडालेलं संध्याकाळी भरायचं, पण थेट नळाचं नाही, आदल्या दिवशी उघडं ठेवलेलं. टाकीतला दिवा बंद. काचेला बाहेरून ओली फडकी. फारच तापलं तर गोठवलेली बाटली पाण्यात तरंगत सोडायची, एका वेळी एकच, कारण माशाला एकदम गारठाही सोसत नाही. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, मग मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. ती वेळ येऊ द्यायची नाही.

दुपारी वीज जाते ती जातेच. म्हणून बॅटरीवरचा एक टेबलपंखा आहे, चार्जिंगची लांब वायर लोंबणारा, तो कायम टाकीकडे तोंड करून. आपण काय, घाम गाळू, मामा म्हणाले. माशाला घाम येत नाही.

१६ एप्रिल

मामा दाराची चौकट चाचपत चालतात, हे पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं. दुकानात नेऊन तपासलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खूप मनधरणी केल्यावर आज मुलीकडे गेले, ऑपरेशनसाठी. पंखा हलवायचा नाही, एवढंच पुन्हा पुन्हा बजावत होते. निघताना टाकीपाशी वाकून रावसाहेबांचा निरोप घेतला. माझा घ्यायचा राहिला.

२० एप्रिल

घर एकटीला बरं वाटतंय. गाणी मोठ्यानं लावते, जेवण उभ्याउभ्या होतं.

एक गंमत. दुपारी काचेला लावलेलं फडकं जरा वेळानं पाहिलं तर जागेवर नव्हतं. मागच्या बंद दारापाशी जमिनीवर मिळालं. नीट लांबट घडी घातलेलं, तापात कपाळावर ठेवतो तशी. मीच उन्हाच्या गुंगीत कधीतरी घातली असेन. हातात घेतलं तर चटका बसला.

२४ एप्रिल

आज गोठवलेली बाटली. पाण्यात सोडली, वर जाऊन तोंड धुतलं, खाली आले तर टाकीत नाही. त्याच दारापाशी उभी होती. बर्फाचा मागमूस नाही, आतलं पाणी चहाला चालेल असं कढत. टाकीपासून दारापर्यंत जमिनीवर थेंब. थेंबांमध्ये तळव्यांचे अर्धवट ठसे. मी आत येताना चप्पल काढली नव्हती.

भर दुपार, बाहेर कावळाही नाही. मी सरळ घराबाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

२५ एप्रिल

समोर कपडे शिवणाऱ्या बाई राहतात, सगळे त्यांना शिलाईमावशी म्हणतात. त्यांच्याकडे गेले. मागच्या खोलीचं विचारल्यावर त्यांनी मशीन थांबवलं.

मामी त्याच खोलीत गेल्या. त्या उन्हाळ्यात माणसं पटापट आजारी पडत होती. मामींना ताप भरला होता आणि त्या खोलीवर दुपारचं सगळं ऊन. मावशी बघायला गेल्या, तेव्हा मामा टाकीपाशी बसले होते. मावशींनी पंखा आत न्यायला सांगितलं. मामांनी तिथूनच मामींना विचारलं, पंखा आणू का. आणि मामी आतून म्हणाल्या, “अहो, मला बरं वाटतंय. तुम्ही माशांकडे बघा.”

तशाच होत्या त्या, मावशी म्हणाल्या. जन्मभर असंच म्हणाल्या, आणि त्यांना ते जन्मभर खरं वाटलं. संध्याकाळी मामा कारखान्यातून बर्फाची लादी घेऊन आले, तोवर सगळं संपलं होतं. लादी पाटावर तशीच गळत होती. मग त्यांनी ती फोडून टाकीच्या पाण्यात सोडली. नाहीतरी वितळणारच होती, म्हणाले.

मावशी दोरा ओवायला लागल्या, पण तो सुईत जाईना. शेवटी मी ओवून दिला.

२७ एप्रिल

न राहवून मामांना फोन केला. डोळ्याला पट्टी आहे. फडकं सांगितलं, बाटली सांगितली, ठसे सांगितले. पलीकडे ते रडत असावेत. मग नाक ओढून त्यांनी विचारलं, “पाणी तापलं तर नाही ना?”

२९ एप्रिल

दार उघडलं. कुलूप नव्हतंच, नुसती कडी.

सामान काहीच नाही. गादी नसलेला लोखंडी पलंग. भट्टीचं झाकण उघडावं तशी झळ तोंडावर आली. पलंगावर, डोकं असतं त्या जागी, आज सकाळी काचेला लावलेलं फडकं. त्यातून वाफ निघत होती.

माझ्याच्यानं बघवेना. पंखा उचलून आणला आणि पलंगाकडे तोंड करून लावला. कोणीतरी सुस्कारा सोडला. खूप दिवसांनी पाठ टेकल्यासारखा.

पण इकडे टाकीत मासे वर आले. सगळे. उघडझाप, उघडझाप. दोन लहान आडवे झाले. मी घाबरले, पंखा परत न्यायला लागले. तेव्हा वायर मागून धरली गेली. अगदी हलकी. आजारी माणूस पदर धरतं, तेवढीच.

मी हिसका दिला. पंखा माशांकडे.

१ मे

ताप. दुकानात कळवलं. आईला सांगितलं नाही, उगाच धावत येईल. वर जिना चढवत नाही, दिवाणखान्यात जमिनीवर पडलेय. मावशी पेज देऊन गेल्या, उद्या डॉक्टरांना आणते म्हणाल्या.

डोळा लागला की कपाळावर घडी येते. ओली असते, पण पाणी कढत. काढून फेकते. पुन्हा येते. कोणीतरी मायेनं—

ते जास्त वाईट आहे.

२ मे

जाग आली ती पलंगावर. मागच्या खोलीत. मी आले नाही इथं. चालत तर नाहीच.

पंखा इथं आहे. माझ्याकडे तोंड करून. तिनंच आणला असणार, मामीनं. पलंगाच्या कडेला कोणी बसलंय, लोखंड वाकलंय तेवढं दिसतं.

झोत लागला की बरं वाटतं. पंखा आहे तोवर निभेल.

दुपार

मामा आले. काळा चष्मा, हातात पिशवी. आधी दिवाणखान्यात गेले. मासे वर आलेत, मामांचा आवाज— अरेरे, अरेरे, रावसाहेब—

मग दारात आले. ताप आहे का गं, म्हणाले. पंखा जरासाच नेऊ का, लगेच आणतो, म्हणाले.

नाही म्हणायचं होतं. नको मामा, मला बाहेर काढा, मावशींना बोलवा. सगळं जिभेवर होतं. तोंड उघडलं आणि—

“अहो, मला बरं वाटतंय. तुम्ही माशांकडे बघा.”

भाची मामाला अहो म्हणत नाही.

मामा थबकले. चष्म्याआडून बघत राहिले. त्यांना कळलं. चेहऱ्यावर दिसलं मला, कळलं त्यांना. आणि मग ते वाकले आणि पंखा उचलला.

वायर घासत गेली. मी धरली. हातात जोर—

दार ओढून घेतलंय. झळ बाहेर यायला नको म्हणून, म्हणाले. बर्फ घेऊन येतो, म्हणाले. बाहेरचं दार वाजलं.

भिंत तापतेय. पेन्सिल निसटते—

शेजारी सरकून जागा केलीये तिनं. हात धरलाय. सोडत नाही. कानाशी म्हणते, दोघी असलो म्हणजे तरी त्यांना ऐकू—